शोषखड्ड्यात गेलेलं पाणी जातं कुठे?

मिरगाचा पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले होते आणि वाडीतल्या विहिरींचं पाणी तपासायला घेतलं होतं. तपासणी साधीच असते. औषध असलेली एक छोटी बाटली, तिच्यात खुणेपर्यंत विहिरीचं पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि उबेला ठेवून द्यायची. जलजीवन मिशनमध्ये शिकून तयार झालेल्या बायका गावोगाव हे काम करतात. बाटल्या चुलीमागच्या फळीवर ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीवर घराच्या नावाची चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतल्या चार बाटल्या शाईसारख्या काळ्या झालेल्या. एक बाटली ज्यांच्या विहिरीची, त्या काकी कितीतरी वेळ ती उजेडात धरून बघत राहिल्या. "अगो, बावीचो तळ दिसता. मगे पाणी खराब कसा?"

काकींचा प्रश्न अगदी रास्त आहे. बाटली काळी होणं म्हणजे पाण्यात विष्ठेबरोबर येणारे जिवाणू असल्याचा दाट संशय; खात्री प्रयोगशाळेतच होते. हे जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांनी पाणी गढूळ होत नाही, चवही बदलत नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू एकही सापडता कामा नये. आणि ते जिवाणू आले कुठून, याचं उत्तर विहिरीत वाकून मिळत नाही. मागीलदारी जाऊन, संडासामागच्या खड्ड्याकडे बघावं लागतं.

स्वच्छ भारत अभियान २०१४ साली सुरू झालं, २०१९ मध्ये ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. किनाऱ्यावरच्या घराघरांत संडास आले आणि बायकांची अंधारातली वणवण संपली, ही गोष्ट फार मोठी आहे. पण संडास बांधला की मैला नजरेआड होतो, संपत नाही. २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी आणि मैलागाळ हे विषय आले, तेव्हापासून ग्रामसभेत 'सांडपाणी प्रकल्प' हा शब्द कानावर पडू लागला. तो म्हणजे नक्की काय आणि आपल्या किनाऱ्याला तो का हवा, एवढंच इथे मांडायचं आहे.

## टाकी आणि खड्डा, दोन वेगळ्या गोष्टी

आपल्याकडे संडासामागे जमिनीत जे काही असतं त्याला सरसकट 'सेप्टिक टाकी' म्हणतात. खरी सेप्टिक टाकी तळासकट बंद असते, आत दोन किंवा तीन कप्पे असतात. मैला पहिल्या कप्प्यात पडतो, जड भाग तळाला बसतो, तेलकट भाग वर तरंगतो, मधलं पाणी पुढे सरकतं. गढूळ पाणी कळशीत भरून रात्रभर ठेवलं की सकाळी निवळतं, तसंच. त्याशिवाय तळाच्या गाळात हवेशिवाय जगणारे जिवाणू असतात, ते विरजणासारखं काम करतात: ऊब आणि वेळ मिळाला तर मैला आंबवून कमी करतात. विरजणाला जे मारतं ते यांनाही मारतं. रोज बाटलीभर ॲसिड नाहीतर फिनेल संडासात ओतणारं घर आपल्याच टाकीचं विरजण मोडत असतं.

एवढं होऊनही टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. घाण निम्म्याच्या आसपास कमी झालेली असते, रोगजंतू मात्र बहुतेक जिवंतच असतात. टाकीला पाणी निवळण्यापुरतंच जमतं. खरी सफाई त्यापुढे व्हायची असते आणि ती आपण शोषखड्ड्यावर, म्हणजे मातीवर सोपवलेली आहे.

दुसरा प्रकार दोन शोषखड्ड्यांचा. त्याला टाकी नसतेच. मैला एका खड्ड्यात जातो, तो साधारण तीन वर्षांत भरला की मधल्या कुंडीतून वाट फिरवून दुसरा सुरू करायचा, आणि पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा. तेवढ्या काळात आतल्या मैल्याचं सोनखत होतं. गावांसाठी ही पद्धत खरोखर चांगली आहे, मात्र कुंडीतली एक वाट बंद हवी. बऱ्याच घरी गवंड्याने दोन्ही वाटा उघड्या ठेवलेल्या असतात. मग दोन्ही खड्डे एकदमच भरतात आणि खत व्हायला उसंत कुठल्याच खड्ड्याला मिळत नाही.

## माती गाळते, पण कोरडी असेल तरच

"जमिनीत मुरलं की पाणी शुद्ध होतं" हे आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे. ते खोटं नाही, अर्धं आहे. पाणी कोरड्या मातीतून हळूहळू झिरपतं तेव्हा मातीच्या कणांवरचे जिवाणू घाण खातात, रोगजंतू कणांना चिकटून मरतात. कणांमधल्या पोकळीत हवा असते म्हणून हे घडतं. माती पाण्याने भरून गेली की हवा जाते, पाणी आडवं पळू लागतं आणि गाळणीचा नुसता पाइप होतो.

म्हणून शोषखड्ड्याच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन आकडे महत्त्वाचे. खड्ड्याचा तळ आणि भूजलाची सगळ्यात वरची पातळी यांत निदान २ मीटर कोरडी जमीन हवी. ती नसेल तर खड्डा आणि विहीर यांत कमीत कमी १० मीटर अंतर हवं. जमीन भरड असेल तर खड्ड्याचा तळ बंद करून भोवती अर्धा मीटर जाडीचा वाळूचा थर द्यावा लागतो. आता आपल्या वाडीतलं घर आठवा. गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधाच्या, अलीकडे आपली विहीर, पलीकडे शेजाऱ्याचा खड्डा. दोघांनी आपापल्या आवारात अंतर नीट पाळलेलं, पण गडग्यापलीकडे कुणी मोजलेलंच नसतं.

कोकणात यावर आणखी दोन अडचणी आहेत. पहिली जांभ्याची. जांभा दगड चिऱ्याला उत्तम, गाळणीला वाईट. त्याला जागोजागी भोकं आणि नळ्यांसारख्या पोकळ्या असतात. वर ओतलेलं पाणी काही ठिकाणी मातीत न रेंगाळता सरळ खाली आणि तिथून उताराला धावतं. ज्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्याच्याच पायथ्याच्या विहिरी मे महिन्यात तळ गाठतात, ते याच पोकळ्यांमुळे. पाणी जितक्या सहज जातं तितकीच त्याच्यातली घाणही जाते.

दुसरी अडचण पुळणीची. मालवणजवळच्या देवबागसारखा पट्टा बघा: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी जीभ. अशा वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आमटीवर तुपाचा थर तरंगावा तसं. हा सगळा थर पावसाचा, दरवर्षी भरणारा, आणि तो जमिनीपासून फार खोल नसतो. विहीर त्यातच आणि शोषखड्डाही त्यातच. ऑगस्टमध्ये पाणी इतकं वर येतं की खड्ड्याचा तळ पाण्यात बुडतो. तेव्हा खड्ड्यातल्या मैल्याला माती नाही, थेट विहिरीचं पाणीच भेटतं. काकींची बाटली पहिल्या पावसानंतर काळी झाली तीही बहुधा मधली कोरडी माती पुरेशी नसल्यामुळेच.

## "आम्ही टीसीएल टाकतो की"

ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, टाकते, ते टाकायलाच हवं. साथीच्या दिवसांत त्याने जीव वाचतात. पण ते औषध थोडेच दिवस टिकतं आणि खड्डा रोज झिरपत असतो.

आणखी एक गोष्ट टीसीएलने जात नाही, उकळूनही जात नाही: नायट्रेट. माणूस रोज साधारण दहा ग्रॅम नायट्रोजन बाहेर टाकतो, त्यातला मोठा वाटा लघवीतून. मातीत त्याचं नायट्रेट होतं आणि ते पाण्यात मिठासारखं विरघळून विहिरीपर्यंत पोचतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जास्त झालं तर सगळ्यात मोठा धोका वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला: रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. पाणी उकळलं की वाफ होऊन पाणी कमी होतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उलट घट्ट होतं. घरात बाळंतीण असेल तर विहिरीच्या पाण्याची नायट्रेटची तपासणी करून घ्या, एवढं कळकळीने सांगते.

## दोन पाणी एका पायपात कशाला?

जुन्या घरांची मागची बाजू आठवते? न्हाणीचं पाणी पन्हाळीतून अळवाच्या वाफ्यात, तिथून केळीला, उरलं तर माडाच्या आळ्यात. कपडे-भांड्यांचं पाणी तिथल्या तिथे जिरायचं. त्यात साबण असतो, खरकटं असतं, पण विष्ठा नसते. ते सांभाळणं सोपं आहे.

नवं घर बांधलं की प्लंबर सगळे पाइप एकाच चेंबरला जोडतो. पाच माणसांचं घर, माणशी ५५ लिटर पाणी, त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी धरलं तर रोज २२० लिटर होतात. संडासाचं पाणी त्यात थोडंच असतं, पण ते मिसळलं की सगळे २२० लिटर मैलापाणी. वेगळं ठेवलं तर न्हाणी आणि स्वयंपाकघराचं पाणी, तेलकट भाग अडवणाऱ्या छोट्या कुंडीतून, केळी-माडाला आजही चालतं. अट एकच, ते साचू द्यायचं नाही.

होमस्टे असेल तर हिशोब फारच बिघडतो. समजा, घराच्या टाकीत ५०० लिटर पाणी मावतं. घरच्या माणसांचं पाणी तिथे दोन दिवस थांबतं, छान निवळतं. डिसेंबरात बारा पाहुणे आले, माणशी १३५ लिटर वापरलं, तर सांडपाणी दीड हजार लिटरवर जातं. तेच पाणी आता टाकीत जेमतेम आठ तास थांबतं. बसलेला गाळसुद्धा ढवळून बाहेर पडतो. पाहुणे वाढले ही आनंदाची गोष्ट आहे, पण खोल्या वाढवताना टाकी वाढवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

## मग छोटा प्रकल्प म्हणजे काय?

शहरातला सांडपाणी प्रकल्प म्हणजे मैलोन्‌मैल गटारं, मोठे पंप, दिवसरात्र हवा फुंकणारी यंत्रं. ती यंत्रं बंद पडली तर हवेवर जगणारे जिवाणू गुदमरतात. आमच्याकडे पावसाळ्यात वाऱ्याने एक झाड तारेवर पडलं की दोन दोन दिवस वीज नसते. म्हणून वाडीसाठी विजेवर न चालणारा प्रकल्पच मला योग्य वाटतो. कोकणाला एक मोठी देणगी आहे: उतार. पाणी आपल्या पायांनी चालत जातं.

वीस घरांच्या वाडीसाठी तो असा असतो. आधी निवळण्याची टाकी. मग ओळीने चार-पाच बंद कप्पे, ज्यांत पाणी एकदा खालून वर, मग वरून खाली असं जातं. प्रत्येक वेळी ते तळाच्या गाळातून वर चढतं आणि तिथले जिवाणू त्यातली घाण खातात. तिसरा टप्पा खडीचा वाफा: खाली पाणी न झिरपणारं अस्तर, त्यावर हात-दीड हात खडी, खडीत कर्दळ किंवा पाणकणीस. पाणी खडीच्या आतून चालतं, वर दिसत नाही.

बघणाऱ्याला वाटतं की कर्दळ पाणी साफ करते. खरं काम खडीवरचा बुळबुळीत थर करतो, विहिरीच्या पायरीवर असतो ना तसा. तो जिवाणूंचा असतो. कर्दळीची मुळं खडी मोकळी ठेवतात, थोडा प्राणवायू आत नेतात, थोडं खत स्वतः खातात. म्हणजे कर्दळ ही मदतनीस. मातीने जे काम करावं अशी आपली अपेक्षा होती तेच इथे होतं, फक्त हवा, वेळ आणि अंतर आपण ठरवून दिलेलं असतं.

आपल्या महाराष्ट्रात यावर चांगलं काम झालेलं आहे. नागपूरच्या नीरी संस्थेने झाडांच्या वाफ्यांवर आधारलेली 'फायटोरिड' पद्धत तयार केली. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक एच. एस. शंकर यांनी माती, जिवाणू आणि गांडुळं यांच्या आधाराने चालणारी पद्धत विकसित केली.

किती साफ होतं? घाण मोजायचं माप म्हणजे बीओडी: पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. कच्च्या मैलापाण्यात तो लिटरला दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम किंवा अधिक असतो. नीट चालवलेल्या प्रकल्पात तो तिसाच्या खाली आणता येतो. रोगजंतू खूप कमी होतात, संपत नाहीत. हे पाणी माडाला, केळीला, फुलझाडांना द्यावं. कोशिंबिरीच्या भाजीला नको आणि प्यायला तर नाहीच.

## वास, डास आणि जागा

ग्रामसभेत पहिला हात वर होतो तो वासासाठी. पाणी उघडं कुठे नसेल आणि हवेची नळी छपरापेक्षा उंच नेली असेल तर वास येत नाही. किनाऱ्यावर मात्र एक खास काळजी लागते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. भरतीचं खारं पाणी फुटक्या पाइपातून टाकीत शिरलं तर जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याच वायूचा, आणि तो सिमेंटही खातो. वास सुटला तर अगरबत्ती लावू नका, पाइप कुठे फुटलाय ते शोधा.

डास उघड्या पाण्यावर वाढतात. खडीच्या वाफ्यात पाणी वरच्या खडीच्या चार बोटं खाली ठेवायचं असतं. ते वर दिसू लागलं म्हणजे खडी तुंबली, ती काढून धुवायची वेळ झाली.

जागा माणशी एक ते दोन चौरस मीटर लागते. वीस घरांची शंभर माणसं धरली तर एक ते दोन गुंठे. ऐकायला थोडी, पण कुणाच्या सातबाऱ्यातून द्यायची इथेच बहुतेक योजना अडतात. सामायिक जमिनीला किती सह्या लागतात हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. माझं मत असं की पाइप कुठून न्यायचा याची चर्चा नंतर करावी, जमिनीचा कागद आधी करावा.

## "समुद्र एवढा मोठा आहे, काय होतंय?"

आपलं सांडपाणी समुद्रात जातच नाही, खाडीत जातं. ओहोटीला बाहेर गेलेलं पाणी भरतीला बरंचसं परत आत येतं. खाडीच्या चिखलात तिसऱ्या, मुळे, कालवं असतात. ती दिवसभर पाणी गाळून त्यातलं अन्न खातात, आणि पाण्यातले रोगजंतूही त्यांच्या पोटात साठतात. ओहोटीला गुडघाभर चिखलात बसून कालवं काढणाऱ्या बायकांचे हात-पाय त्याच पाण्यात असतात, आणि तीच कालवं आपल्या ताटात येतात. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत वस्तीचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला मनाई आहे, ती उगाच नाही.

## गाळाचं काय?

सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. आपण ती तुंबेपर्यंत थांबतो. तोवर गाळ इतका वाढलेला असतो की मैला नुसता आत येतो आणि बाहेर जातो. आणि मग कुणाला तरी आत उतरवायची घाई होते. ते कधीही करू नका. आतला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. २०१३ च्या कायद्याने हे बंद केलेलं आहे. गाडीनेच उपसा.

आमच्या पाणंदींत गाडी शिरत नाही, ही खरी अडचण. लांब नळीची छोटी गाडी चार-पाच गावांनी मिळून ठेवणं हा मार्ग आहे. वाई आणि सिन्नरच्या नगरपरिषदांनी टाकी तुंबायची वाट न बघता तीन वर्षांच्या फेरीने वेळापत्रक लावून उपसा सुरू केला आणि गाळावर प्रक्रिया करणारी केंद्रं उभारली. गाडी भरून कुठे रिकामी होते हे ठरलेलं नसेल तर ती ओढ्याकाठी रिकामी होते.

उपसा पावसाळ्याआधी करा. भर पावसात, भूजल वर आलेलं असताना टाकी पूर्ण रिकामी केली तर ती होडीसारखी वर उचलली जाते, पाइप तुटतात.

## सुरुवात कुठून?

प्रकल्प मंजूर व्हायला वेळ लागेल. महिन्याला जाळी कोण साफ करणार, कर्दळ कोण कापणार, त्याचे पैसे पाणीपट्टीत धरायचे का, हे ठरावात नाव घालून लिहिलेलं नसेल तर दोन वर्षांत वाफ्यावर घाणेरी उगवते. तोवर काकींच्या घरी आम्ही जे केलं ते कुणालाही करता येईल. नारळी पौर्णिमेच्या सुमारास दोरीला दगड बांधून विहिरीतलं पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते मोजलं: दीड मीटर. संडासाचा खड्डा सव्वा मीटर खोल. म्हणजे मधली कोरडी जमीन पाव मीटर, हवी होती दोन मीटर. काकींनी तो आकडा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आहे. नवा खड्डा उंच जोत्यावर, तळ बंद करून, भोवती वाळू भरून, विहिरीच्या उताराला चढत्या बाजूला नव्हे तर खालच्या बाजूला घ्यायचा ठरलं आहे. गडग्यापलीकडच्या शेजाऱ्यांनीही आपली दोरी टाकून बघितली.